चार वाक्यं आणि पाऊण तास

सेलूहून एका आईनं पाठवलेलं पत्र, थोडं कमी करून:

‘ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीला. सातवीपासून नाटकात काम करते. बालनाट्य स्पर्धेत दोनदा उतरली, एकदा अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं. तिला पडद्यावर काम करायचंय. मालिका, सिनेमा, वेबसिरीज, काहीही चालेल म्हणते. यंदा इथल्या मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी मोठ्यांचं नाटक घेतलंय. त्यात तिला फक्त चार वाक्यं आहेत. पाऊण तास एका कोपऱ्यात बसून तुरीची डाळ निवडते, बस. त्यासाठी रोज रात्री साडेदहापर्यंत तालीम. तिचे बाबा म्हणतात, सिनेमात जायचं तर नाटकात वर्षं कशाला घालवायची, आता तर नाटक न करताच पोरं थेट पडद्यावर येतात. शहरातल्या एका अ‍ॅक्टिंग क्लासनं तीन महिन्यांचा कॅमेरा कोर्स, पोर्टफोलिओ आणि मालिकेत काम, असे सगळे मिळून ८५ हजार सांगितलेत. नाटकाची सवय लागली की कॅमेऱ्यापुढं काम बिघडतं, असंही ते म्हणाले. आणि हिची भाषा आधी सुधारावी लागेल म्हणे. नाटक बंद करून क्लास लावावा का? पैसे उसनवार करून उभे करता येतील.’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. क्लास, पैसे, भाषा या सगळ्यावर लिहिणार आहे. पण आधी त्या तुरीच्या डाळीबद्दल बोलू द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतंय.

पाऊण तास रंगमंचावर आणि वाक्यं चार. म्हणजे बाकीचा सगळा वेळ तुमची लेक ऐकतेय. मोठी माणसं भांडतायत, रडतायत, एकमेकांना टाकून बोलतायत, आणि ती सुपातले खडे वेचता वेचता ते सगळं अंगावर घेतेय. तुम्हाला हे वाया गेल्यासारखं वाटतं. आईला वाटणारच; आपल्या पोरीनं बोलावं, टाळी घ्यावी असं कुणाला वाटत नाही? पण तीस वर्षं पोरांची नाटकं बसवली, अधूनमधून पडद्यावर छोटी कामंही केली, त्या अनुभवावरून सांगते. पडद्यावर जाऊ बघणाऱ्या पोरीला यंदा याहून चांगली भूमिका मिळाली नसती.

आज रात्री कुठलीही मालिका लावा आणि एकच गोष्ट बघा. दोन माणसं बोलत असताना पडद्यावर चेहरा कुणाचा आहे? पुष्कळदा आवाज एकाचा असतो आणि चेहरा दुसऱ्याचा, ऐकणाऱ्याचा. सुनेनं घर सोडायचं ठरवलंय हे ती सांगते तेव्हा आपल्याला सासूचा चेहरा बघायचा असतो. संकलन करणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. शूटिंगमध्ये दोघांचेही शॉट घेतलेले असतात. त्यातून तो जिवंत चेहरा उचलतो, मग तो बोलत असो वा नसो. ज्या नटाला ऐकता येत नाही, जो समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत मनात आपलं वाक्य घोकत असतो, त्याचे डोळे क्लोजअपमध्ये रिकामे दिसतात. नाटकात विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकापासून हे एखाद्या वेळी लपून जातं. कॅमेऱ्यापासून लपत नाही.

आणि ऐकणं हे तीन महिन्यांत शिकवता येत नाही हो. तालमीत तेच वाक्य साठाव्यांदा ऐकायचं आणि तरी ते आपल्याला पहिल्यांदाच लागलं पाहिजे, याला रोजचा सराव लागतो. समोर खरा माणूस लागतो. आणि ज्याच्यापुढं झोपा काढता येत नाहीत असा प्रेक्षक लागतो.

आता क्लासवाल्यांचं ते वाक्य, ‘नाटकाची सवय लागली की कॅमेऱ्यापुढं काम बिघडतं.’ यात एक कण खरा आहे, आणि तो माझ्याच अंगावर आलेला आहे. नांदेडला कॉलेजात असताना युवक महोत्सवात सुरुवात केली, पुढं राज्य स्पर्धेची नाटकं केली. दहा-बारा वर्षांनी एका मालिकेत शेजारणीचं दोन दिवसांचं काम मिळालं. वाक्य साधं होतं, ‘वहिनी, दार उघडा, पावसात भिजायलेय मी.’ मी ते म्हटलं आणि आवाज मुद्रित करणाऱ्या पोरानं कानावरचे हेडफोन काढून हातात घेतले. कुणी ओरडलं नाही. दिग्दर्शक जवळ आला. माझ्या पदराच्या आत चिकटवलेला हरभऱ्याएवढा माइक त्यानं बोटानं दाखवला आणि म्हणाला, ‘ताई, प्रेक्षक इथं बसलाय.’

मी आवाज खाली आणला. पण आवाजाबरोबर सगळंच खाली गेलं. वाक्य निर्जीव झालं, जणू भाजीचा भाव सांगतेय. दुपारपर्यंत माझे टेक होत राहिले आणि मला रडू यायचं बाकी होतं. मग जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं की दाराची कडी निघावी ही माझी गरज मी आवाजाबरोबर सोडून दिली होती. आवाज कमी करायचा, पण दार उघडून घ्यायची निकड तेवढीच ठेवायची, हे कळल्यावर पुढचा टेक ओके झाला. नाटकवाल्याला कॅमेऱ्यापुढं जी अडचण येते ती एवढीच, आणि जागा कळली की ती लवकर सुटते.

त्याच दिवशी दुसरंही एक घडलं. संध्याकाळी चहाचा प्रसंग होता. आधी सगळ्यांचा मिळून लांबून शॉट झाला, मग एकेकाचे जवळून. तोच प्रसंग सहा-सात वेळा. शेवटी हातात वही घेऊन बसलेली मुलगी मला म्हणाली, तुम्ही प्रत्येक वेळी ‘सासरी’ या शब्दालाच कप उचललात. मला वेगळं काहीच वाटलं नाही, नाटकात आम्ही तेच करतो. कुठल्या शब्दाला उठायचं, कुठल्या शब्दाला वळायचं हे तालमीत ठरतं आणि मग हात-पाय ते विसरत नाहीत. पण पडद्यासाठी हे सोनं असतं. लांबच्या शॉटमध्ये कप हातात आणि जवळच्या शॉटमध्ये कप टेबलावर असं झालं तर ते दोन तुकडे एकमेकांना जोडताच येत नाहीत. याला कंटिन्युइटी म्हणतात. ती सांभाळता न येणाऱ्या नटाचे चांगले टेकसुद्धा फुकट जातात.

तुमच्या लेकीची डाळ म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तिला विचारा, कुठल्या वाक्याला तुझा हात थांबतो? खडा बाजूला टाकतेस तो कुणाच्या कुठल्या शब्दावर? तिला सांगता आलं तर समजा, पोरगी कॅमेऱ्याची अर्धी तयारी करून बसलीय. नाही आलं तर आजच्या तालमीपासून तेवढंच करू द्या.

नाटकातून आणखी काय मिळतं, ते थोडक्यात. सिनेमाचं शूटिंग गोष्टीच्या क्रमानं होत नाही. शेवटचा रडायचा प्रसंग पहिल्या दिवशी सकाळी आठला घेतात, कारण तो वाडा त्याच दिवशी मिळालेला असतो. आधी काय झालं, हिच्या मनात आत्ता काय साचलंय, हे नटानं स्वतः उभं करायचं असतं. ज्यानं आख्खं नाटक, पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत, एका दमात जगलेलं आहे, त्याला एका भूमिकेचा चढ-उतार अंगात माहीत असतो. मग तुकडा कुठूनही मागा. दुसरं, वेळ पाळणं, आपलं सामान आपण सांभाळणं, दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर चूक काढली तरी तोंड न पाडता पुन्हा उभं राहणं. सेटवर साठ-सत्तर माणसं असतात, कुणाला समजूत काढायला वेळ नसतो. नाटकातली पोरं तिथं तरतात.

पण नाटकानं लागलेल्या काही खोडी काढाव्याही लागतात, हे लपवणार नाही. विशेषतः स्पर्धेच्या नाटकांनी लागलेल्या. आपल्याकडं बालनाट्यात पोरांना एक ठरावीक सूर लावून देतात. वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायचा, ‘आई’ म्हणताना दोन्ही हात पुढं करायचे, रडायचं तर खांदे गदागदा हलवून. परीक्षकांना आवडतं असं समजून शिक्षकच हे शिकवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण पोरं खरी असतात आणि आपण त्यांना खोटं करतो. तुमच्या लेकीला हा सूर लागलाय का, ते तुम्हीच ओळखाल. ती घरात चिडते तेव्हाचा आवाज आणि नाटकात चिडते तेव्हाचा आवाज यांत फार अंतर असेल, तर तिथं काम करायचंय. या मोठ्यांच्या नाटकात तिला कमी वाक्यं देणाऱ्या दिग्दर्शकानं ते ओळखूनच दिलीत की काय, अशी मला शंका आहे. तसं असेल तर माणूस जाणता आहे.

आणि नाटक म्हणजे सगळं मोठं मोठंच, असंही नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. मी कॉलेजात असताना मागच्या रांगेतून तो प्रयोग पाहिला होता. खांदा जरासा पाडला, मान किंचित तिरकी केली, की समोर दुसराच माणूस. तेवढीशी हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. बारकावा रंगमंचावरच शिकायचा असतो, हे मला त्या रात्री कळलं.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो खोटा नाही. ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे, ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू नाटकाच्या वाटेनं आले नव्हते, आणि दोघांच्याही कामाची दखल राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी घेतली. पण तिथं दिग्दर्शक त्यांना शोधत गेला होता. त्याला त्याच मातीतली, न घडवलेली पोरं हवी होती. असं कुणी आपल्याला शोधत येणं हे पावसासारखं आहे, आणि पावसाच्या भरवशावर राहून काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगू. विहीर खोदणं आपल्या हातात आहे. मकरंद अनासपुरे तेव्हाच्या औरंगाबादेत नाटकं करत करतच मुंबईला गेले. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था औरंगाबादेतच उभी राहिली, आणि तिथून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी आधी मुंबईच्या रंगभूमीवर आणि मग सिनेमात गेली. माजलगावचे संदीप पाठक पडद्यावर एवढी कामं असूनही ‘वऱ्हाड’चे प्रयोग करतात. आपल्या भागातून गेलेले आणि टिकलेले बहुतेक जण याच वाटेनं गेलेत, यजमानांना एवढं जरूर सांगा.

भाषेचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. ‘काय करायलीस’, ‘कुठं जायलाव’ असं तुमची लेक बोलते, त्यात सुधारायचं काय आहे? लातूरकडं तेच ‘करूलालीस’ होतं. दोन्हीतला फरक कानाला कळणारी पोरगी उद्या एखाद्या भूमिकेसाठी हवी असेल, तर ती पुण्या-मुंबईत मिळणार नाही. प्रमाण मराठी तिला यायलाच हवी, तीही इतकी सफाईनं की गाव ओळखू येऊ नये. हिंदीही यायला हवी. पण ती या बोलीच्या शेजारी ठेवायची, बोली पुसून नाही. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातला एखादा लेख मोठ्यानं वाचायला लावा, आणि आठवड्यातून एकदा आजीकडून एखादी जुनी हकिकत ऐकून आजीच्याच शब्दांत, आजीच्याच ठेक्यात सांगायला लावा. पैठणच्या नाथांची भारुडं मिळाली तर तीही म्हणू द्या. सोंग घेऊन लोकांसमोर उभं राहून बोलायचं साहित्य आहे ते. श्वास कुठं घ्यायचा ते ती भारुडंच शिकवतात.

आता पैशाचं, आणि इथं मी स्पष्टच बोलणार आहे. ते ८५ हजार देऊ नका. उसनवार करून तर अजिबात नाही.

शिकवायची फी घेण्यात गैर काही नाही, चांगले शिक्षक आहेत आणि त्यांनी ती घ्यावी. पण शिकवणं, फोटो आणि ‘मालिकेत काम’ हे जो एका पुडीत बांधून विकतो, त्याच्यापासून लांब राहा. काम कुणाला द्यायचं हे निर्माता, दिग्दर्शक आणि वाहिनी ठरवते. कुठलाही क्लास त्याची हमी देऊ शकत नाही. भूमिकेसाठी माणसं शोधणाऱ्याला त्याचे पैसे निर्मात्याकडून मिळतात, ऑडिशन देणाऱ्याकडून नाही. रजिस्ट्रेशन, कार्ड, ‘लूक टेस्टची फी’, ड्रेसचे पैसे, अशा नावाखाली जो पैसे मागेल त्याला नाही म्हणायचं, मग तो फोनवर कितीही मोठी नावं घेवो. पोर्टफोलिओचंही तसंच. तिला सध्या तीन-चार साधे फोटो पुरतात. एक चेहऱ्याचा, एक कमरेपर्यंतचा, एक पूर्ण उंचीचा आणि एक बाजूनं. सकाळच्या उजेडात, अंगणात, मेकअप न करता, फोनवर काढलेले. कारण ज्याला तिला निवडायचंय त्याला ती कशी दिसते ते बघायचं असतं, फोटोग्राफरची कारागिरी नाही.

आणि आई म्हणून एक लक्षात ठेवा. ऑडिशनला ती एकटी जाणार नाही. हॉटेलच्या खोलीत ऑडिशन नाही. तुम्हाला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेणारी ऑडिशन नाही. तिच्या नंबरवर परस्पर मेसेज करून फोटो, व्हिडिओ मागणारा माणूस नाही. संपर्काला नंबर तुमचा द्या. संधी हुकेल म्हणून घाई करणारा जो कुणी असेल, त्याची संधी हुकलेली बरी.

कधी खरंच काम आलं, तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. अठरा पूर्ण होईपर्यंत तिची सही करारात धरली जात नाही, कायदाच तसा आहे. सही तुमची किंवा यजमानांची, म्हणून जबाबदारीही तुमची. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासून नियम आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. तुमची लेक सोळाची, त्यामुळं हे तिला जसंच्या तसं लागू नाही. तरी बोलणी करताना हीच मोजपट्टी हातात ठेवा. शाळा बुडणार का, राहायची सोय काय, रात्री किती वाजता सोडणार, सोबत आईला राहता येईल का, हे विचारायला संकोच करू नका. चांगली माणसं या प्रश्नांना चिडत नाहीत.

कॅमेऱ्याची ओळख तिला हवीच आहे, ती घरीच करून द्या. फोन आडवा धरून डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा. तिवई नसेल तर पुस्तकांची चळत चालेल. मागं कोरी भिंत, उजेड खिडकीचा, तोही समोरून. पंखा बंद, नाहीतर आवाजात घरघर येते. समोरचे संवाद वाचणाऱ्यानं फोनच्या अगदी शेजारी, तिच्या नजरेच्या रेषेत बसायचं. ते काम तुम्ही करा. तुम्हाला अभिनय यायची गरज नाही, नीट आणि सावकाश वाचा म्हणजे झालं.

मग एकच सराव, रोज. एखादं आठ-दहा ओळींचं स्वगत घ्यायचं आणि तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आईला. तिसऱ्यांदा त्याच बाजेवर शेजारी निजलेल्या बहिणीला, बाकीच्यांची झोप मोडू न देता. तिन्ही वेळा निकड तेवढीच राहिली पाहिजे. हेच मला त्या सेटवर अर्धा दिवस रडकुंडीला येऊन कळलं होतं, तिला ते घरी बसून कळेल. झालं की तिसरं चित्रीकरण आवाज बंद करून बघायचं. भुवया उगाच उडतात का? प्रत्येक शब्दाला मान हलते का? पापण्या सारख्या फडफडतात का? आपल्याला आपलं हे कुणी सांगत नाही, फोन सांगतो. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

ऑडिशनसाठी व्हिडिओ मागितला तर सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगायच्या, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू दाखवायची आणि मग प्रसंग. पार्श्वसंगीत, फिल्टर काही लावू द्यायचं नाही. मैत्रिणी रील करतात म्हणून हिनंही करावे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. करू द्या हवं तर. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणं हा मात्र अभिनयाचा सराव नव्हे, एवढं तिला सांगा.

पुढच्या शिक्षणाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर पदवी लागते, आणि त्याशिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे यजमान ज्याला वेळ घालवणं म्हणतात, ती तिथं दारातून आत जायची अट आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयासाठीही आधी पदवी हवी. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. तो जवळ आहे, आणि तिथं शिकत असताना देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत ऑडिशनला पोचता येतं. म्हणून आजच एक वही करा. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, भूमिका, प्रयोगाची तारीख, ठिकाण. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि प्रयोगाचे फोटो त्याच वहीत. पाच वर्षांनी शोधाशोध करताना माझे विद्यार्थी रडकुंडीला आलेले मी पाहिलेत. गावातली संस्था बंद पडलेली असते आणि सही द्यायला कुणी उरलेलं नसतं.

तालमीच्या वेळेबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. साडेदहा म्हणजे फार उशीर. दिग्दर्शकांना भेटा आणि सांगा, मुलीला साडेनऊला सोडा, आणि तिला घरी पोचवायला घरचं माणूस येईल. तिचे प्रसंग आधी घेता येतात. पुढच्या वर्षी बारावी आहे, तेव्हा मोठ्या नाटकाला नाही म्हटलं तरी चालेल. वर्षभर तो तीन आवाजांचा सराव आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एखादं स्वगत, एवढं पुरे. कला एका वर्षात पळून जात नाही. आणि बारावी, पदवी नीट केलेली पोरगी ऑडिशनमध्ये नाही ऐकूनही घरी शांत परत येते. तिच्याजवळ दुसरं काहीतरी असतं.

नाही पुष्कळदा ऐकावं लागेल, ताई. त्यासाठी तुम्हीही मनाची तयारी ठेवा. उंची जुळत नाही, चेहरा दुसऱ्या नटीच्या बहिणीसारखा दिसत नाही, अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा तीही कुणी सांगत नाही. तेव्हा ‘तूच कमी पडलीस’ असं घरातून ऐकू येऊ नये.

प्रयोगाला तुम्ही जाणार असालच. यजमानांनाही न्या, आणि शक्यतो तिच्या कोपऱ्याच्या बाजूची खुर्ची धरा. तिची चार वाक्यं केव्हा येतात याची वाट बघू नका. समोरचे नट बोलत असताना, त्यांच्याकडं न बघता, तिच्या हाताकडं बघा. डाळ कधी भराभर निवडली जाते, कधी हात सुपातच थांबतो, आणि थांबला की तुमचाही श्वास थांबतो का. प्रयोगानंतर तिला काही बोलायच्या आत मला लिहा, काय दिसलं ते.

तुमची,
ताई